अमेरिकेचा दाखला देऊ नका

पहिलीपासून हिंदी शिकवायचा निर्णय सरकारने जून २०२५मध्ये मागे घेतला, तरी आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवरचा वाद संपत नाही. परवा एका काकांनी लिहिलं, "अमेरिकेत बघा, भाषेवरून कोणी भांडतं का? सगळे मुकाट्याने इंग्रजी बोलतात." वाचून डोक्यात तिडीक गेली.

काका, मी ओक्लाहोमातल्या ओकमल्गीत राहते. मस्कोगी या अमेरिकेतल्या मूलनिवासी लोकांच्या राष्ट्राची ही राजधानी. १८३६मध्ये सैन्य लावून या लोकांना अलाबामातून इकडे हाकललं. मागे सुटलेल्या जॉर्जियातल्या नदीचं नाव त्यांनी या गावाला दिलं. भर चौकात त्यांचं कौन्सिल हाउस आहे: १८७८ची दुमजली दगडी इमारत, माथ्यावर छोटासा मनोरा. त्यांच्या विधिमंडळाची दोन्ही सभागृहं इथे भरायची. पुढे ती इमारत अमेरिकन सरकारने बळकावली, १९१९मध्ये शहराने एक लाख डॉलरला घेतली, आणि २०१०मध्ये मस्कोगींना स्वतःचीच वास्तू ३२ लाख डॉलर मोजून परत घ्यावी लागली.

भाषेचंही तेच. निवासी शाळांत मुलांना मस्कोगी बोलल्याबद्दल शिक्षा व्हायची. तुमचं ते 'मुकाट्याने' असं आलंय. शेजारच्या आजींच्या अंत्यविधीला गेले होते. एका म्हाताऱ्याने मस्कोगी स्तोत्राची ओळ उचलली आणि वाद्याशिवाय अख्खं चर्च गाऊ लागलं. मला थेट गावची काकडआरती आठवली. पण म्हातारी माणसं डोळे मिटून गात होती, आणि नातवंडं पुस्तकात बोट ठेवून.

सोडून गेलेल्यांनी मराठीवर बोलू नये, असंही मला सुनावलं जातं. का बोलू नये? माझी मुलगी इथे राहून मराठी वाचते. तुमच्या नातवंडांना पुण्यात राहून वाचता येत नाही.

एक गोष्ट मात्र मलाही टोचते. २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की मस्कोगींचं राखीव क्षेत्र अमेरिकन संसदेने कधीच रद्द केलेलं नाही. म्हणजे माझं घर त्यांच्या हद्दीत आहे आणि इथली परप्रांतीय मी आहे. मुंबईत येणाऱ्याने मराठी शिकावी, हे माझं मत आजही पक्कं आहे. तोच न्याय मला लावला तर मला मस्कोगी यायला हवी, आणि मला ती येत नाही. गावातल्या त्यांच्या महाविद्यालयात ती शिकवतात. पण बँकेत, दुकानात, मुलीच्या शाळेत माझ्याकडून तिची अपेक्षा कोणीच करत नाही. काका, तुम्हाला इथे भांडण दिसत नाही ते यामुळे.