डोनर गाडीचा हार्नेस कापू नका

ब्रिटनमध्ये किट कार, म्हणजे सुट्या भागांचा संच आणून घरी जोडायची गाडी, बांधणाऱ्यांत एक सल्ला सर्रास फिरतो. डोनर गाडी (जिचे भाग किटसाठी काढायचे ती जुनी गाडी) दोन दिवसांत खोलून होते, हार्नेस (गाडीतल्या वायरींचा अख्खा जुडगा) सोडवत बसू नका, कटरने कापा. इंजिन चालवायला चार-पाच वायरी पुरतात, बाकीचं तांबं भंगारात द्या. वाटलंच तर रेडिमेड हार्नेस विकत घ्या. आणि वरून टेप गुंडाळा, आत कोण बघतंय. नवखा माणूस हे ऐकून खूश होतो, कारण वायरिंगची धास्ती सगळ्यांनाच असते. पण माझ्या पाहण्यात बांधकामं रखडतात ती बहुतेक याच सल्ल्यामुळे, म्हणून त्यातला एकेक मुद्दा तपासून पाहू. उदाहरणाला पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५ घेतो, 1989 ते 1997 मधली. एक्सोसेटसारख्या किटसाठी ती खोलली जाते.

"दोन दिवसांत खोलून होते." नट-बोल्टचं काम होतं, हे मान्य. या गाडीत गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शियल एका लांब फ्रेमने जोडलेले असतात. बोल्ट सुटले की बॉडी वर उचलायची, खाली इंजिनासकट चाकांवर उभा सांगाडा राहतो. वेळ लागतो तो वायरिंगला, आणि तो पाना हातात घेण्याच्या आधीपासून द्यावा लागतो. गाडी चालू असतानाच सगळं लावून पाहायचं: इंडिकेटर, ब्रेकलाइट, वायपर, पेट्रोलचा काटा, चार्जिंगचा दिवा, हेडलाइट वर-खाली होणं. काय चालतं, काय नाही, ते कागदावर लिहायचं. पुढे काढलेला हार्नेस तपासताना एखादा दिवा लागला नाही, तर दोष आपला की गाडीचा मुळातला, हे त्या कागदाशिवाय कळत नाही. एअरबॅगवाली गाडी असेल तर बॅटरीची निगेटिव्ह काढून थोडं थांबायचं, आणि एअरबॅगच्या पिवळ्या कपलरला (वायरी जोडणाऱ्या प्लगला) मीटर लावायचा नाही, कधीही नाही.

"कापा, वेळ वाचतो." इथे मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण हे नुकसान भरून निघत नाही. कारखान्यातल्या हार्नेसमध्ये वायरी कपलरपासून कपलरपर्यंत सरळ जात नाहीत. काळ्या टेपला ब्लेडने हलकी चीर द्या आणि टेप मागे सोला. आत एका धातूच्या क्रिंपमध्ये तीन-चार वायरी एकत्र दाबलेल्या दिसतील. एका फ्यूजमधून आलेला सप्लाय तिथे फुटून वेगवेगळ्या ठिकाणी जातो. तुम्ही "ही वायर रेडिओची" म्हणून या सांध्याच्या सप्लायकडच्या बाजूला कापलीत, तर रेडिओबरोबर आणखी काय गेलं ते आठवड्यांनी कळतं. तोवर बॉडी भंगारात गेलेली असते आणि ती वायर कुठून कुठे जात होती हे सांगणारं काहीच उरत नाही. रंगांवर भिस्त ठेवणाऱ्यांनाही सांगतो, काळी वायर साधारणपणे अर्थची (करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारी), पण काळीवर पट्टा आला की ती अर्थच असेल असं धरू नका.

हार्नेस अखंड काढायचा. प्रत्येक कपलर सोडवण्याआधी फोटो घ्यायचा, त्यावर मास्किंग टेपची चिठ्ठी लावायची आणि चिठ्ठीवर पारदर्शक टेप, नाहीतर तेलकट हातांनी शाई पुसली जाते. मग सगळा हार्नेस जमिनीवर गाडीत होता तसाच पसरायचा, दिवे-स्विच-रिले पुन्हा जोडायचे, सुटलेल्या सगळ्या अर्थ एकत्र करून बॅटरीच्या निगेटिव्हला द्यायच्या आणि पॉझिटिव्हमध्ये 10 अँपिअरचा फ्यूज टाकून एकेक सर्किट चालवून बघायचं. चूक झाली तर फ्यूज जातो, वायर जळत नाही. त्यानंतर वगळणं सुरू. हेडलाइट वर-खाली करणाऱ्या मोटरी किटमध्ये नकोत, तर त्यांची वायर कपलरपासून तिच्या सांध्यापर्यंत सोडवत न्यायची, काढायची आणि बाकी सगळं अजून चालतंय का ते पुन्हा पाहायचं. एका वेळी एकच सर्किट. काम कंटाळवाणं आहे, पण दुसरी वाट नाही.

"इंजिनाला चार-पाच वायरी पुरतात." कार्ब्युरेटरच्या जुन्या इंजिनाला पुरत असतील. या गाडीच्या 1.6 लिटर इंजिनाचं बघा. हवा मोजणाऱ्या मीटरमध्ये एक झडप असते आणि तिच्यातच पेट्रोल पंपाचा स्विच असतो. इग्निशन चालू ठेवून, इंजिन बंद असताना, ती झडप बोटाने ढकला: मागे टाकीत पंपाची घरघर ऐकू येते. बोट काढलं की थांबते. म्हणजे सेल्फ मारून झाल्यावर इंजिन हवा ओढत असेल तोवरच पंप चालतो. अपघातात इंजिन बंद पडलं तर पेट्रोलही थांबतं. (1.8 लिटरमध्ये हेच काम ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, करतो.) आता "चार-पाच वायरी"वाला काय करतो? पंप चालत नाही म्हणून इग्निशनवरून थेट सप्लाय देतो. इंजिन लागतं, व्हिडिओ निघतो, शाबासकी मिळते. आणि त्या गाडीचा पेट्रोलचा पाइप अपघातात फाटला, तर इंजिन बंद पडूनही पंप पेट्रोल ओततच राहतो. हा सल्ला देणाऱ्यांचा मला राग येतो तो यासाठी.

चार्जिंगच्या लाल दिव्याचंही तसंच. अल्टरनेटरला जागं करणारा करंट त्या बल्बमधून जातो. नव्या डॅशबोर्डवर जागा नाही म्हणून दिवा गाळला किंवा नुसता एलईडी लावला, तर चार्जिंग सुरू न होण्याची शक्यता असते.

अर्थचा विचार तर या सल्ल्यात कुठेच नसतो. डोनरची बॉडी लोखंडी, तीच करंटची परतीची वाट. किटचा मडगार्ड फायबरचा असेल तर त्यावरच्या दिव्याला अर्थची वेगळी वायर न्यावीच लागते. चासीवर पावडर कोटिंग असतं, ते खरवडून बोल्ट आवळला नाही तर दिवे मिणमिणतात आणि इंडिकेटर दिला की टेललाइटही लुकलुकतो.

"नवीन हार्नेसच बरा." यात थोडं तथ्य आहे. इन्सुलेशन कडक होऊन तडकत असेल, किंवा इंजिन डिस्ट्रिब्युटर-कार्ब्युरेटरचं असेल, तर नवीन घ्या, मीही घेईन. पण ईसीयूवाल्या इंजिनाचे सेन्सर आणि इंजेक्टर साध्या रेडिमेड हार्नेसला जोडता येत नाहीत. इंजिनाकडचा भाग डोनरचाच ठेवावा लागतो, आणि तो आधीच कापला असेल तर दोन्हीकडचा खर्च पडतो.

राहता राहिलं "टेप गुंडाळा, आत कोण बघतंय". ब्रिटनमध्ये अशी गाडी रस्त्यावर आणण्याआधी आयव्हीए, म्हणजे एकेका गाडीला मान्यता देणारी सरकारी तपासणी, होते आणि तिथे वायरिंग बघतात: इन्सुलेशन धड आहे का, वायरी नीट बांधल्यात का, कुठे धारेवर घासतायत का. पत्र्यातून हार्नेस जातो तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी रबरी रिंग) हवा. डोनरच्या फायरवॉलमधले (इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातले) ग्रोमेट म्हणूनच जपून ठेवायचे. सोबत फ्यूजबॉक्स, त्याचं झाकण, रिलेच्या पट्ट्या आणि बॉनेटखालची डायग्नोस्टिक डबीही. इंजिनाचं टायमिंग (ठिणगी नेमकी कधी पडायची ते) लावताना त्या डबीत दोन टर्मिनल जोडावी लागतात.