यूटीएम पुरेशी असताना त्वरक कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया मुद्देसूद आहे. 'धन्यवाद, विचार करतो' एवढ्यावर ती बोळवण्यासारखी नाही, म्हणून जरा लांबलचक उत्तर देतो. इतरांसाठी आधी थोडक्यात सांगतो. कणभौतिकी आणि पदार्थांची चाचणी यांचं एकमेकांवाचून अडतं, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. तुम्ही बरीच वर्षं मटेरियल टेस्टिंगमध्ये आहात आणि तुमचं म्हणणं असं: यूटीएम (नमुना ओढून-दाबून त्याची ताकद मोजणारं यंत्र), हार्डनेस टेस्टर, अल्ट्रासॉनिक आणि मायक्रोस्कोप यांवर तुमचं सगळं भागतं, त्वरकाची, म्हणजे कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्राची, गरज कधी पडली नाही. न्यूट्रॉन वापरून पदार्थांची तपासणी अणुभट्टीवरही होते, मग श्रेय कणभौतिकीला का? आधी अब्जावधी खर्चायचे आणि मग 'बघा यातून काय काय निघालं' अशी यादी पुढे करायची, ही पश्चातबुद्धी आहे. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, 'तिथं माझ्यासारख्याला उभं तरी कोण करणार?'

यूटीएमपासून सुरुवात करू. रोजच्या कामातल्या बहुतेक चाचण्यांना तुमची साधनं पुरतात, यात वाद नाही. प्लेटचा नमुना कापला, ओढला, यील्ड (ज्या ताणाला नमुना कायमचा ताणला जाऊ लागतो) आणि अल्टिमेट (जास्तीत जास्त पेलतो तो ताण) काढलं, सर्टिफिकेट दिलं. पण जाड पोलादी प्लेटवर वेल्ड केलेला भाग घ्या. त्या वेल्डच्या पोटात, पृष्ठभागापासून दोन सेंटिमीटर आत, थंड होताना अडकून बसलेला ताण, म्हणजे अवशिष्ट ताण, किती आहे? बाहेरून काही लोड नसतानाही तो तिथं असतो आणि फटिगची, म्हणजे वारंवारच्या भारानं पडणारी, भेग कुठून सुरू होईल हे ठरवण्यात त्याचा हात असतो. तो मोजायला तुम्ही नमुना कापलात, तर कापण्यानंच त्यातला बराचसा ताण सुटतो. जे मोजायचं तेच हातातून जातं. होल ड्रिलिंगनं, म्हणजे बारीक भोक पाडून सुटणारा ताण मोजला तर, वरचा मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा थर कळतो. प्रयोगशाळेतला एक्स-रे पोलादात काही मायक्रॉनच्या पुढे जात नाही. अल्ट्रासॉनिकनं भेग सापडते, पण ताणाचा आकडा काढायचा तर ध्वनीच्या वेगावर दाणेरचनेचा इतका परिणाम होतो की वेल्डमध्ये तो आकडा छातीठोकपणे सांगणं अवघड.

न्यूट्रॉन इथं उपयोगी पडतो, कारण त्याला विद्युतभार नाही. इलेक्ट्रॉनांच्या गर्दीशी त्याला देणंघेणं नसतं, त्यामुळे तो पोलादात कित्येक सेंटिमीटर आत जाऊन बाहेर येतो. लोखंडाच्या अणूंच्या ओळींमधलं अंतर म्हणजे 'डी' हीच इथं स्ट्रेन (लांबीतला सापेक्ष बदल) मोजणारी पट्टी, म्हणजे स्ट्रेन गेज. ओढलेल्या भागात ओळी किंचित लांब जातात, दाबलेल्या भागात जवळ येतात आणि त्या प्रमाणात विवर्तनाचं, म्हणजे त्या ओळींवरून ठरावीक कोनात परतणाऱ्या न्यूट्रॉनांचं, शिखर सरकतं. चांगल्या उपकरणावर हे सरकणं दहा लाखांत पन्नास भागांपर्यंत पकडता येतं. पोलादाचा यंग्ज मॉड्युलस (ताण आणि स्ट्रेन यांचं गुणोत्तर) २१० जीपीए (गिगापास्कल) धरला तर हा सुमारे १० एमपीए (मेगापास्कल) ताण झाला. तोही काही घन मिलिमीटरच्या तुकड्यातला, आणि भाग अखंड ठेवून.

खरी मेख मात्र वेगळीच आहे आणि ती तुमच्यासारख्या माणसाला लगेच पटेल. स्ट्रेन काढायला ताण नसलेल्या अवस्थेतलं अंतर लागतं, त्याला 'डी-शून्य' म्हणतात. वेल्डच्या आसपास रासायनिक घटकांचं प्रमाण बदलतं, कार्बन इकडचा तिकडे जातो, त्यामुळे हे डी-शून्य जागेजागेवर वेगळं असतं. एकच आकडा सगळीकडे धरला तर ताणाचा नकाशा दिसायला सुंदर आणि आकड्यांत चुकीचा निघतो. म्हणून त्याच वेल्डिंगच्या जुळ्या नमुन्यातून कंगव्याच्या दात्यांसारखे बारीक काप घेतात, म्हणजे त्यातला ताण सुटतो, आणि प्रत्येक जागेचं डी-शून्य वेगळं मोजतात. म्हणजे कापाकापी इथंही टळत नाही. कुठं कापायचं आणि कुठं नाही, हे मात्र माहीत असतं.

आता अणुभट्टी. फ्रान्समधल्या ग्रनोबलची ५८ मेगावॅटची संशोधन अणुभट्टी १९७१पासून न्यूट्रॉन पुरवते आहे आणि तिथंही अवशिष्ट ताण उत्तम मोजला जातो. न्यूट्रॉन मिळवायला त्वरकच हवा, असं मी म्हटलेलं नाही. त्वरकाचे न्यूट्रॉन ठोक्याठोक्यानं येतात, एवढा फरक. इंग्लंडमधल्या आयसिस या न्यूट्रॉन केंद्रात ८०० एमईव्हीचे (एमईव्ही हे कणांच्या ऊर्जेचं एकक, हजार एमईव्ही म्हणजे एक जीईव्ही, हजार जीईव्ही म्हणजे एक टीईव्ही) प्रोटॉन टंगस्टनच्या लक्ष्यावर आदळतात आणि त्यातून न्यूट्रॉन फुटून निघतात. ठोका कधी पडला हे माहीत असल्यानं न्यूट्रॉनला पोचायला लागलेल्या वेळावरून त्याची तरंगलांबी कळते आणि एकाच जागी बसवलेल्या डिटेक्टरवर सगळी शिखरं एकदम मिळतात. तिथल्या एंजिन-एक्स या उपकरणात नव्वद अंशांवर दोन्ही बाजूंना डिटेक्टर आहेत, त्यामुळे दोन दिशांचा स्ट्रेन एकाच मापात निघतो. आणि गंमत म्हणजे नमुना ओढणारं यंत्रही किरणांच्या वाटेतच बसवता येतं. तुमची यूटीएम तिथंही आहेच! लोड वाढवत नेताना कुठल्या दिशेचे दाणे आधी हार मानतात, हे चालू चाचणीत दिसतं.

हे आयसिस उभं राहिलं ते निमरॉड नावाच्या जुन्या यंत्राच्या जागेवर. निमरॉड हा ७ जीईव्हीचा प्रोटॉन सिंक्रोट्रॉन, म्हणजे प्रोटॉनांना गोल फिरवत वेग देणारा त्वरक, निव्वळ कणभौतिकीसाठी बांधलेला. १९७८मध्ये तो बंद झाला. त्याच इमारती आणि बरीचशी सामग्री वापरून आयसिस झालं आणि १९८४च्या अखेरीस पहिले न्यूट्रॉन निघाले. श्रेय कुणाच्या खात्यावर मांडायचं ते तुम्ही ठरवा.

पण म्यूऑनच्या बाबतीत अणुभट्टीचा मुद्दा टिकतच नाही, आणि माझा मूळ दावा तिथंच सगळ्यात घट्ट आहे. म्यूऑन १९३६मध्ये वैश्विक किरणांत सापडला. इलेक्ट्रॉनसारखाच, पण दोनशे पटींहून थोडा जड, आणि २.२ मायक्रोसेकंदांत मरणारा. कुणाला त्याचा काही उपयोग सुचेना. १९५७मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या सायक्लोट्रॉन या त्वरकावर गार्विन, लेडरमन आणि वाइनरिख यांनी एक प्रयोग केला. प्रश्न शुद्ध कणभौतिकीचा होता: निसर्ग डावं-उजवं असा भेद करतो का? उत्तर आलं, करतो. पायॉन नावाचा अल्पायुषी कण फुटून निघणारे म्यूऑन सगळे एकाच दिशेला स्पिन (कणाची अंगभूत गिरकी) धरून येतात आणि मरताना पॉझिट्रॉन (धन भाराचा इलेक्ट्रॉन) स्पिनच्या दिशेनं जास्त फेकतात. त्याच शोधनिबंधात त्यांनी लिहून ठेवलं होतं की असे म्यूऑन अणूंच्या आतली आणि अणूंमधली चुंबकीय क्षेत्रं तपासायचं जबरदस्त साधन होतील. त्यामुळे पश्चातबुद्धीचा आरोप निदान इथं तरी लागू होत नाही. शोध आणि वापर एकाच निबंधात आहेत.

पुढे झालंही तसंच. म्यूऑन नमुन्यात रोवायचा, तो आतल्या स्थानिक क्षेत्रात भोवऱ्यासारखा फिरतो, एका टेस्लाला सेकंदाला साडेतेरा कोटी वेळा. मरताना पॉझिट्रॉन पुढे गेला की मागे, एवढंच मोजायचं. त्यावरून अतिवाहकात (रोधाशिवाय वीज वाहू देणाऱ्या पदार्थात) चुंबकीय क्षेत्र किती खोल शिरतं ते कळतं, बॅटरीच्या इलेक्ट्रोडमध्ये लिथियमचे आयन किती सहज हलतात ते कळतं. यासाठी पायॉन लागतो आणि तो घडवायलाच सुमारे १४० एमईव्ही ऊर्जा हवी. अणुभट्टीत विखंडनातून निघणारा न्यूट्रॉन सरासरी २ एमईव्हीचा असतो. तिथून म्यूऑन निघणार नाही, कितीही मेगावॅटची भट्टी बांधा.

माझं म्हणणं एवढंच आहे: एखाद्या कणाचा भार, स्पिन, आयुष्य आणि मरण्याची तऱ्हा आधी कुणीतरी काटेकोर मोजलेली असते, म्हणून तो कण नंतर अनोळखी पदार्थात सोडून उत्तर वाचता येतं. मोजपट्टीवरच्या खुणा आधी कुणीतरी आखाव्या लागतात. तुमची यूटीएमसुद्धा लोड सेल कॅलिब्रेट केल्याशिवाय तुम्ही वापरत नाही.

आता उलटी बाजू, जी तुमच्या प्रतिक्रियेत आलीच नाही. तुम्हाला खरं तर तीच जास्त रुचायला हवी. त्वरक अडतो तो पदार्थांवर. जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत, जमिनीखालच्या बोगद्यातल्या एलएचसी या त्वरकात १२३२ वाकवणारी चुंबकं आहेत, प्रत्येक १५ मीटर लांब, निओबियम-टायटॅनियमच्या तारेची, १.९ केल्विनला (सुमारे उणे २७१ अंश सेल्सियसला) थंड केलेली. १० सप्टेंबर २००८ला पहिल्यांदा प्रोटॉनचा झोत फिरला, जगभर बातम्या झाल्या. नऊ दिवसांनी, झोत नसताना, नुसता विद्युतप्रवाह वाढवण्याची चाचणी चालू होती. सुमारे ८७०० अँपियरला दोन चुंबकांमधला एक सांधा गेला. ठिणगी पेटली, हेलियमच्या आवरणाला भोक पडलं, टनावारी हेलियम बाहेर आला आणि त्या दाबानं चुंबकं जागची हलली. ५३ चुंबकं बाहेर काढावी लागली आणि यंत्र पुन्हा सुरू व्हायला नोव्हेंबर २००९ उजाडला.

तो सांधा म्हणजे काय होतं? तांब्याच्या आवरणात दोन अतिवाहक केबल एकमेकांवर ठेवून कथील-चांदीच्या सोल्डरनं जोडलेल्या. चांगल्या सांध्याचा रोध ०.३ नॅनोओहमच्या आसपास. या सांध्याचा, नंतर नोंदी तपासून काढलेला अंदाज, २२० नॅनोओहम. आकडा वाचून हसू येईल इतका लहान. पण प्रवाह वाढत ७००० अँपियरवर आला तेव्हाचं गणित करा, प्रवाहाचा वर्ग करून रोधानं गुणून बघा, सुमारे १० वॅट उष्णता येते. एका छोट्या एलईडी दिव्याएवढी. खोलीत ती जाणवणारही नाही, पण १.९ केल्विनला ती अतिवाहकपणा मोडायला पुरते. मग काय झालं, तर पदार्थ तपासणारी माणसं बोगद्यात उतरली. सांध्यांची गॅमा रेडिओग्राफी झाली, सोल्डरमधल्या पोकळ्या शोधल्या गेल्या, सांध्यासांध्यावर मायक्रोओहममधला रोध मोजला गेला. तोवर यंत्र अर्ध्याच ऊर्जेवर चालवलं, प्रत्येक झोत ३.५ टीईव्ही, मग ४. जुलै २०१२मध्ये जाहीर झालेला हिग्ज कण या कमी ऊर्जेवरच सापडला. २०१३-१४मध्ये दहा हजारांवर सांध्यांना तांब्याचे जोडपट्टे लावून बळकटी दिली आणि त्यानंतरच ६.५ टीईव्ही गाठता आलं. जगातल्या सगळ्यात मोठ्या भौतिकीच्या यंत्राची मर्यादा कित्येक वर्षं सोल्डरिंगच्या दर्जानं ठरवली. 'मटेरियल टेस्टिंग हे दुय्यम काम' असं म्हणणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञांना (ते असतात, नाही असं नाही) हा प्रसंग मी मुद्दाम ऐकवतो.

पुढचीही गोष्ट तीच. जास्त क्षेत्र हवं म्हणून निओबियम-कथील ही संयुगाची तार वापरायची ठरली. अतिवाहक म्हणून ती सरस, पण काचेसारखी ठिसूळ. म्हणून आधी गुंडाळी करायची आणि मग साधारण ६५० अंश सेल्सियसला भाजून तिच्यात संयुग तयार करायचं. त्यानंतर वाकवलीत तर गेली. झोत चुकून भिंतीवर आदळला तर काय टिकेल, हे बघायला सर्नमध्ये हायरॅडमॅट नावाची वेगळी सोय आहे, तिथं कोलिमेटरच्या (झोतातले भरकटलेले कण अडवणाऱ्या भागाच्या) पदार्थांवर ४४० जीईव्हीच्या प्रोटॉनांचे ठोके मुद्दाम मारतात. अमेरिकेतल्या ओक रिजच्या न्यूट्रॉन स्रोतात लक्ष्य पाऱ्याचं आहे. प्रत्येक ठोक्याला पाऱ्यात दाबाची लाट उठते, बुडबुडे फुटतात आणि स्टेनलेस स्टीलच्या भांड्याला आतून खड्डे पडतात. पाऱ्यात हेलियमचे बारीक बुडबुडे सोडून तो मार कमी करावा लागला. पंपातलं कॅव्हिटेशन तुम्हाला सांगायला नको.

राहिला पैसा. इथं मी अर्धा तुमच्या बाजूला आहे. 'वेब सर्नमध्ये जन्मलं, म्हणून बोगदा वसूल' हा युक्तिवाद मलाही लंगडा वाटतो. वेबसाठी बोगदा लागत नव्हता. एमआरआयची चुंबकंही निओबियम-टायटॅनियमचीच असतात आणि त्वरकांच्या मोठ्या मागणीनं त्या तारेचं उत्पादन सुधारलं हे खरं, पण एमआरआय त्यावाचून आलंच नसतं असं म्हणायला मी धजणार नाही. सर्नच्या पुढच्या, ९१ किलोमीटरच्या प्रस्तावित यंत्राच्या पहिल्या टप्प्याचा अंदाज सुमारे १५ अब्ज स्विस फ्रँक आहे. पदार्थविज्ञानाला फायदा होईल म्हणून तो बांधा असं कुणी म्हणालं, तर मी तुमच्या शेजारी उभा राहून विरोध करीन. तेवढ्या पैशात पदार्थांसाठीच वाहिलेली कितीतरी केंद्रं होतील. त्या बोगद्याचा निवाडा त्यातल्या भौतिकीच्या प्रश्नावरच व्हायला हवा. पण मागच्या लेखात मी खर्चाचं समर्थन केलंच नव्हतं. दोन्ही कामं एकमेकांत किती गुंतलेली आहेत एवढंच सांगितलं होतं, आणि ते वरच्या आकड्यांनंतरही तसंच राहतं.

शेवटचा प्रश्न, तुम्हाला तिथं कोण उभं करणार. आयसिस किंवा ग्रनोबलसारख्या केंद्रांवर येणारे बहुतेक लोक कणभौतिकीचे नसतातच. ते रसायन, धातू, जीवशास्त्र, अभियांत्रिकीचे असतात. ठरावीक मुदतीत प्रस्ताव मागवतात, तज्ज्ञांची समिती ते वाचते, निवड झाली की यंत्रावर काही दिवस मिळतात. निकाल उघडपणे प्रसिद्ध करणार असाल तर सहसा त्या वेळाचे पैसे घेत नाहीत. गुप्त ठेवायचे असतील तर मोजावे लागतात. तुमच्यासारख्या उद्योगातल्या माणसाला एखाद्या विद्यापीठातल्या गटाबरोबर मिळून अर्ज करणं सोपं जातं. प्रस्तावात नमुन्याची जाडी, कुठल्या रेषेवर किती बिंदू मोजायचे आणि डी-शून्य कसं काढणार, हे स्पष्ट लिहा. आणि तुम्ही मला जे विचारलंत, 'हे प्रयोगशाळेतल्या साध्या साधनांनी का भागत नाही', त्याचं उत्तर पहिल्याच परिच्छेदात द्या. समिती तेच आधी विचारते.