आप्पा श्रीलंका

माझ्या उजव्या हातात समोशांची तेलकट पुडी होती, डाव्या हाताच्या चिमटीत कोल्ड्रिंकचे काठोकाठ भरलेले दोन कागदी ग्लास होते आणि मी वानखेडेच्या पायऱ्या उतरत होतो. आमची रांग अजून नऊ पायऱ्या खाली होती. तेवढ्यात श्रीलंकेचं राष्ट्रगीत सुरू झालं आणि माझ्यापुढे चाललेले आप्पा थांबले.

थांबले म्हणजे खांब पुरावा तसे थांबले. टाचा जुळलेल्या, मुठी पँटच्या शिवणीला, नजर समोरच्या फ्लडलाइटच्या मनोऱ्यावर. स्टँडमधली ती पायऱ्यांची वाट जेमतेम दीड माणसाच्या रुंदीची, आणि आप्पा एकटेच सव्वा माणूस. माझ्यामागे बघता बघता चर्चगेटचा सबवे झाला.

"ओ काका, चला की!"

"अंकल, अपना नहीं है, उनका है!"

आप्पांचे फक्त ओठ हलले. "पाहुण्यांचं आहे म्हणूनच थांबलोय," ते म्हणाले. मग मला, मान न वळवता, "हात खाली."

हात खाली घ्यायचे म्हणजे ग्लास उपडे करायचे. मी मधला मार्ग म्हणून कोपरं अंगाशी चिकटवली आणि लग्नात अक्षता वाटणाऱ्या मुलासारखा उभा राहिलो.

आप्पा आमच्या मजल्यावरचे. आयुष्यभर सरकारी नोकरी केली आणि त्यातली बरीच वर्षं राजशिष्टाचाराच्या टेबलावर काढली. कोणत्या पाहुण्याच्या गाडीवर कोणता झेंडा, कोण कोणाच्या उजवीकडे बसणार, हे ठरवण्यात त्यांची हयात गेली. अजूनही सोसायटीच्या पूजेत तीर्थप्रसादाची रांग ते ज्येष्ठतेनुसार लावतात. माझ्या मेहुण्यानं २०२३ च्या वर्ल्डकपमधल्या भारत-श्रीलंका मॅचची दोन तिकिटं दिली, तेव्हा एक माझं हे उघड होतं. दुसरं कोणाचं, याचा निर्णय बायकोनं घेतला. "आप्पांना ने. एकटेच असतात हो दिवसभर." मी ऑफिसात पोट बिघडल्याचं कळवलं आणि २ नोव्हेंबरला, म्हणजे ऐन गुरुवारी, आप्पांना घेऊन बोरिवलीहून फास्ट पकडली.

गेटवरच अर्धा तास गेला. पाण्याची बाटली, पॉवर बँक, नाणी, काहीच आत नेता येत नव्हतं. बाटली आप्पांनी निमूटपणे दिली. नाण्यांवर मात्र अडले. बेस्टच्या बससाठी सुट्टे म्हणून त्यांच्या खिशात सत्तावीस रुपयांची चिल्लर होती, आणि ती टाकून द्या म्हणताच त्यांनी त्या पोराला विचारलं, "यावर कोणाची मुद्रा आहे, बघितलंस का?" सिंहाच्या राजमुद्रेवरून पंधरा मिनिटं गेली. शेवटी आप्पा बाहेर गेले, एका फुगेवाल्याकडून सत्तावीस रुपयांचं काहीही मिळेना म्हणून तीस रुपयांचा झेंडा घेतला, आणि वरचे तीन रुपये माझ्याकडून उसने घेतले, तेही अर्थात नाण्यांतच. त्यामुळे माझीही चिल्लर मार्गी लागली. आदल्याच दिवशी सचिनच्या पुतळ्याचं तिथे अनावरण झालं होतं. तो जवळून बघायचा माझा बेत होता. तो राहिलाच.

तर पायऱ्यांवर. श्रीलंकेचं राष्ट्रगीत आपल्यासारखं ५२ सेकंदांत आटपणारं नाही. ऐसपैस आहे. चाल गोड आहे, पण चाल गोड आहे हे बर्फाचं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळायला लागलं की जाणवत नाही. सिंहली मला येत नाही. तरी पहिल्या ओळीत मला जे ऐकू आलं, ते मी शपथेवर सांगतो: "श्री लंका माता, आप्पा श्री लंका, नमो नमो नमो नमो माता."

मी आप्पांकडे बघितलं. चेहऱ्यावर रेषा हलली नव्हती. तेहतीस हजारांच्या स्टेडियममध्ये परक्या देशाच्या राष्ट्रगीतात आपलं नाव येतंय आणि माणूस ढिम्म! मला शाळेतल्यासारखं हसू यायला लागलं. आमच्या शाळेत पीटीचे सर "सावधान" म्हणाले की दोनशे पोरांपैकी एकाला हमखास हसू फुटायचं, आणि तो एक मी असायचो. राष्ट्रगीतात हसू आवरण्याचा एकच उपाय तेव्हा सापडला होता, तो म्हणजे गणिताच्या पेपरात पडलेले मार्क आठवणे. चाळीस वर्षांनंतरही तो लागू पडला.

'अप' म्हणजे 'आमची', हे आप्पांनी मला नंतर सांगितलं. हे गीत रचणारे आनंद समरकून शांतिनिकेतनात शिकलेले. म्हणजे भारताचं आणि बांगलादेशाचं राष्ट्रगीत रवींद्रनाथांचं, आणि श्रीलंकेचं त्यांच्या शाळेतल्या विद्यार्थ्याचं. मूळ सुरुवात 'नमो नमो माता' अशी होती. ती अपशकुनी आहे अशी कुणकुण उठली, म्हणून १९६१ साली ती बदलून 'श्री लंका माता' केली. शकुन बघून राष्ट्रगीताची पहिली ओळ बदलणारा देश मला एकदम घरचा वाटला. आमच्या सोसायटीनं याच कारणासाठी गेट पूर्वेकडे फिरवलंय.

त्यांचं संपलं. मी पुढचं पाऊल उचललं. ते पायरीवर टेकायच्या आत 'जन गण मन' सुरू झालं.

आता मात्र मागची ओरड बंद. ज्यांनी "उनका है" म्हणून आप्पांना ढकललं होतं, तेही ताठ. अख्खं वानखेडे उभं राहून गायला लागलं आणि खरं सांगतो, कोपरातून ठिबकत असूनही अंगावर काटा आला. गंमत म्हणजे तिथे सगळे एकत्र गातात आणि तरी एकत्र गात नाहीत. समोरचा स्टँड असेल दीडदोनशे मीटर लांब. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे समोरच्यांचं 'गुजरात' आपल्यापर्यंत येतं तेव्हा आपण 'मराठा'वर पोचलेले असतो. आणि 'मराठा' आलं की आमच्या स्टँडचा आवाज दुप्पट होतो. 'द्राविड'ला पुन्हा खाली येतो, 'उच्छल जलधि'ला निम्मे लोक गुणगुणण्यावर येतात. शेवटी 'जय हे' किती वेळा, यावर प्रत्येकाचं स्वतंत्र मत.

याच सुमारास माझ्या नाकाच्या शेंड्याला खाज सुटली. आधी मुंगी, मग मुंग्यांचं कुटुंब. हात दोन्ही अडकलेले. मी नाक नुसतं आक्रसून बघितलं, तर मागून आवाज आला, "ए, हलू नकोस." मागे एक गृहस्थ होते. कोण हलतंय, कोण गात नाही, कोणाचा फोन हातात आहे, याची डावीउजवीकडे माना वळवून पाहणी करत होते. राष्ट्रगीताला आपण एकटेच हलत नाही, अशी त्यांची ठाम समजूत असावी.

खाजेचं काय करायचं, या विचारात असताना कॅमेरा आला. नेहमी कॅमेरा आला की लोक नाचतात, झेंडे हलवतात. पोट बिघडलेल्या माणसानं अशा वेळी खाली वाकून बुटाची नाडी बांधायची असते. पण राष्ट्रगीत चालू होतं! मी मोठ्या पडद्यावर साडेतीन सेकंद दिसलो. छाती पुढे, कोपरं आत, हातात समोसे, आणि नाक सशासारखं हलतंय.

जय हे झालं. एकदाचे नऊ पायऱ्या उतरून जागेवर बसलो. हात चिकट, शर्टाची बाही भिजलेली. मी खाली वाकून रुमालानं बूट पुसत होतो तेव्हा स्टेडियमचं छप्पर उडेल असा आवाज झाला. रोहित शर्मानं पहिल्याच चेंडूवर चौकार मारला होता. मी रुमाल खिशात घालून वर बघितलं तर सगळीकडे सामसूम. दुसऱ्या चेंडूवर मदुशंकानं त्याचा त्रिफळा उडवला होता. मुंबईकर माणूस वानखेडेवर वर्ल्डकपमधला रोहित बघायला गेला आणि त्यानं रोहितच्या डावात स्वतःचा बूट बघितला.

"हे राष्ट्रगीताच्या वेळी खायचे पदार्थ हातात धरल्यानं होतं," आप्पा समोसा उचलत म्हणाले.

मग गिल आणि कोहली धावा काढत होते आणि आप्पा मला नियम सांगत होते. पूर्ण राष्ट्रगीत ५२ सेकंदांचं, संक्षिप्त सुमारे २० सेकंदांचं. १९७१ चा कायदा आहे. मुद्दाम गायन बंद पाडलं किंवा त्यात व्यत्यय आणला तर तीन वर्षांपर्यंत कैद. मी समोशाकडे बघितलं. पुडी निसटून पुढच्या माणसाच्या टकलावर पडली असती तर तो व्यत्यय धरला असता का, हे विचारायचं धाडस झालं नाही.

"पण आप्पा, तुम्ही गात नव्हता," मी म्हणालो.

"गायलाच पाहिजे असं नाही. १९८६ सालचा निकाल आहे सुप्रीम कोर्टाचा. केरळातल्या तीन भावंडांना गात नाहीत म्हणून शाळेतून काढलं होतं. आदरानं उभे राहत होते ना, मग झालं, म्हणालं कोर्ट." त्या मुलांचा प्रश्न त्यांच्या धर्मश्रद्धेचा होता. आप्पांचा सुरांचा आहे. गणपतीच्या आरतीलाही सोसायटीनं त्यांना टाळ दिलेत, माइक दिलेला नाही.

सिनेमाचं मी विचारलंच. महाराष्ट्रात थिएटरमध्ये २००३ पासून पिक्चरआधी राष्ट्रगीत लागतं. २०१६ च्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टानं देशभर सक्ती केली, २०१८ च्या जानेवारीत ती उठवली. हे मला ठाऊक होतं, कारण इतक्या वर्षांत पॉपकॉर्नचा डबा हनुवटीखाली दाबून उभं राहण्यात मी तरबेज झालो होतो. पण आप्पांनी एक नवी गोष्ट सांगितली. केंद्राच्या आदेशातच म्हटलंय की वार्तापट किंवा माहितीपट चालू असताना त्याचा भाग म्हणून राष्ट्रगीत वाजलं, तर प्रेक्षकांनी उठणं अपेक्षित नाही. उठल्यानं गोंधळच होतो. "लक्षात ठेव," आप्पा म्हणाले, "उपयोगी पडेल." या व्याख्यानात श्रेयस अय्यरचे दोन षटकार माझ्या डोळ्यांसमोरून गेले. कुठे गेले ते कळलं नाही.

मधल्या वेळेत साहेबांचा मेसेज आला. "पोटाला समोसे जपून." खाली हात जोडलेला इमोजी.

३५७ धावांचा डोंगर आणि समोर श्रीलंका. बुमराहनं पहिल्याच चेंडूवर एक सलामीवीर पायचीत केला, सिराजनं स्वतःच्या पहिल्याच चेंडूवर दुसरा. त्यांच्या सलामीच्या जोडीनं मिळून जेवढा वेळ फलंदाजी केली, त्याच्या कितीतरी पट वेळ मी त्यांच्या राष्ट्रगीताला पायऱ्यांवर उभा होतो. चौदा धावांत सहा गेले. आजूबाजूला लोक नाचत होते, "गणपती बाप्पा मोरया" चाललं होतं, शमी एकेक विकेट काढत होता. आप्पा मात्र श्रीलंकेचा प्रत्येक बाद फलंदाज परत निघाला की बसल्या जागी किंचित पुढे झुकायचे. सगळे ५५ धावांत आटोपले, विसावं षटकही पुरं झालं नाही, त्यामुळे आप्पांचं झुकणं भराभर उरकलं.

मॅच लवकर संपल्याचा फायदा एवढाच की चर्चगेटला बोरिवली स्लो प्लॅटफॉर्मला लागतानाच आम्ही हजर होतो. मी चालत्या गाडीत उडी मारली, आप्पांसाठी खिडकी धरली आणि स्वतःसाठी शेजारची जागा. दिवसभरात माझ्या मनासारखी झालेली ही पहिली गोष्ट. दोन मिनिटांत डबा निळ्या टी-शर्टांनी गच्च भरला. मरीन लाइन्स गेलं, चर्नी रोड गेलं. वाऱ्यावर बाही वाळली. माझे डोळे मिटायला लागले.

ग्रँट रोडच्या अलीकडे दाराजवळच्या एका पोरानं स्टेडियममध्ये काढलेला व्हिडिओ मित्राला दाखवायला मोबाइलचा आवाज मोठा केला.

"श्री लंका माता, आप्पा श्री..."

मी उठलो. विचार करून उठलो नाही. दिवसभरात माझ्या पायांना जी शिस्त लागली होती, त्या पायांनीच मला उठवलं. टाचा जुळल्या, मुठी शिवणीला. डबाभर माणसं माझ्याकडे बघत होती. अख्ख्या गाडीत श्रीलंकेच्या राष्ट्रगीताला उठून उभा राहिलेला मी एकटा होतो. गाडीनं गचका दिला, मी वरची कडी पकडली आणि मागे बघितलं.

माझ्या जागेवर एक गृहस्थ बसले होते. नुसते बसले नव्हते, झोपले होते. इतक्या कमी वेळात इतकी गाढ झोप फक्त वेस्टर्न लाइनवर लागते.

आप्पा खिडकीत आरामात, मांडीवर तीस रुपयांचा झेंडा. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं.

"अरे, रेकॉर्डिंग आहे ते," ते म्हणाले. "वार्तापटाचा नियम. चांगली तीन षटकं घालवून सांगितला होता तुला."

व्हिडिओ चालूच होता. मी बोरिवलीपर्यंतची स्टेशनं मनात मोजली. एकोणीस निघाली.

"आणि उभा राहिलाच आहेस," आप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तर हात तरी सरळ ठेव."