खांब काढू नका म्हणणारा मी

आमच्या गावच्या मेथडिस्ट चर्चच्या ग्रुपवर पंधरा दिवस एकच वाद चाललाय, आतले सागवानी खांब काढून ग्रॅनाईटचे बसवायचे का. बुडाशी कुजलेत, वाळवीपण लागलीये. मी लिहिलं, खांबांना हात लावू नका, जुनं जपायला शिका जरा, इकडे लंडनमध्ये बघा कसं जपतात. त्यावर कमिटीतल्या एका पोराचं उत्तर (मी देश सोडला तेव्हा हा संडे स्कूलमध्ये नाक पुसत होता), "काका, पावसाळ्यात गळतीखाली बादल्या आम्ही लावतो. हीटरपाशी बसून वारसा शिकवू नका." खाली अंगठ्यांची रांग. एक माझ्या सख्ख्या बहिणीचा.

डोकंच फिरलं. सुट्टी टाकली, ओल्ड स्ट्रीटला उतरलो आणि वेस्लीज चॅपलला गेलो, म्हटलं फोटोच टाकतो.

मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्लीने 1778 ला उघडलेलं चॅपल, आर्किटेक्ट धाकटा जॉर्ज डान्स, मागे वेस्लीची कबर. बाहेरून साधी वीट, आत गॅलरी, कारण इथे मुख्य काम उपदेश ऐकण्याचं, जास्तीत जास्त माणसं व्यासपीठाजवळ बसली पाहिजेत. आमच्या चर्चमधलं माडीसारखं लाकडी काम कुठून आलं ते तिथे उभं राहिलं की कळतं. वेस्लीने स्वतः रोजनिशीत लिहिलंय की इमारत अगदी नीटनेटकी आहे पण भपकेबाज नाही. मी खूश, हेच पोराला ऐकवायचं, बघ रे, आपला संस्थापक काय म्हणतो.

मग खांबांचं कळलं. गॅलरीखालचे मूळ खांब म्हणजे जहाजांच्या डोलकाठ्या, तिसऱ्या जॉर्ज राजाने दिलेल्या. 1891 ला वेस्लीच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली तेव्हा त्या काढल्या आणि फ्रान्सचा जॅस्पर दगड बसवला, चकचकीत. म्हणजे आमचं ग्रॅनाईटच की! आणि ते खांब दिले कोणी, तर परदेशातल्या मेथडिस्टांनी.

फोटो काढले, पण ग्रुपवर बाहेरचेच टाकले. वर लिहिलं ग्रेड वन, म्हणजे इथल्या संरक्षित इमारतींचा सगळ्यात वरचा दर्जा, 1978 ला दोनशे वर्षांनी दुरुस्ती करून राणीच्या उपस्थितीत पुन्हा उघडलं, आता तो जॅस्परसुद्धा कुणाला सहज हलवता येणार नाही (हे शेवटचं अर्थात नाही लिहिलं). माझ्या रस्त्याच्या टोकाच्या चॅपलचे राहायचे फ्लॅट झालेत हेही नाही लिहिलं, खिडक्या सुंदर जपल्यात, आत मात्र कोणी गात नाही, आणि आमच्याकडे नाताळच्या उपासनेला अजून लोक पायऱ्यांवर उभे असतात. असलं मी ग्रुपवर कशाला बोलू.

पण त्या जॅस्परने पाठ सोडली नाही. कारण असंय की अण्णा गेले त्या वर्षी मी येऊ शकलो नव्हतो, व्हिसाची भानगड होती. मग पैसे पाठवले आणि चर्चमध्ये व्हिट्रिफाइड टाइल्स बसवून घेतल्या, अख्ख्या हॉलभर, मीच व्हिडिओ कॉलवर रंग निवडला. आधी शहाबादी फरशी होती आणि खांब दगडी तळखड्यावर, जमिनीपासून वीतभर वर. टाइल्ससाठी लेव्हल वाढवली, तळखडे सिमेंटमध्ये गाडले गेले, आता दर शनिवारी पुसायचं पाणी लाकडाच्या बुडाशी जाऊन बसतं आणि बाहेर निघायला वाट नाही. लाकूड कुजणार नाही तर काय होणार. कुजलेलं बूड कापून खाली नवीन सागाचा तुकडा सांधता येतो, खांब काढायची गरज नाही, पण आधी भोवतालची टाइल उचलून तळखडा मोकळा करावा लागेल.

एवढं सगळं रात्री टाईप केलं आणि पाठवलं नाही. अण्णांच्या नावाची टाइल दारातल्या पहिल्या खांबाला अगदी चिकटून आहे.