बाबांचे पिवळे अंक: ठेवायचे की विकायचे?

गेले सहा महिने आमच्याकडे एकच विषय चाललाय, बाबांच्या नॅशनल जिओग्राफिक ह्या अमेरिकन मासिकाच्या अंकांचं करायचं काय. आता एकदाचा निकाल लागलाय म्हणून लिहितेय. पोस्ट लांबणार आहे, कंटाळा आला तर मध्येच सोडा, मी रागवणार नाही.

जानेवारी १९७४ ते डिसेंबर १९९७. चोवीस वर्षं, म्हणजे हिशोबाने २८८ अंक पाहिजेत, मोजले तर २७१ भरले. बाबा जाऊन चार वर्षं झाली, तोवर ते कपाट आम्ही कोणी उघडलंच नव्हतं, काचेतून पिवळ्या कण्यांची रांग दिसायची आणि बस्स. आता घर लहान करायचं ठरलं तेव्हा तो विषय निघाला. दादा म्हणाला, "रद्दीत घाल, फोनवर सगळं मिळतं." मी म्हटलं, वेडा आहेस का, किती जुने आहेत, किंमत असेल. आई काहीच बोलली नाही.

आधी वजनाचं सांगते कारण खरी मारामारी तिथेच आहे. वजनकाट्यावर आधी मी एकटी उभी राहिले (तो आकडा सांगणार नाही), मग एका वर्षाचा गठ्ठा छातीशी धरून. सव्वाचार किलो. म्हणजे सगळे मिळून शंभराच्या जवळपास. ह्या मासिकाचा कागद जाड आणि चकचकीत, त्यावर मातीसारखा पांढरा लेप असतो म्हणून फोटो इतके सुंदर उठतात आणि म्हणूनच ते दगडासारखं जड असतं. आमच्या कपाटाची खालची फळी मधून चक्क वाकली होती, मला वाटायचं ती तशीच बनवलीय. आणि गंमत म्हणजे हा प्रॉब्लेम जगभर आहे. एका विनोदी विज्ञान-नियतकालिकात फार पूर्वी एक लेख आला होता, की हे मासिक कोणी टाकतच नाही, सगळे साठवतात, तेव्हा अशाने एक दिवस त्या वजनाने अख्खा अमेरिका खंड खचणार!

हसू आलं ना? मलाही आलं, पण माझ्या सहा महिन्यांच्या शोधाचं उत्तर त्या विनोदातच होतं आणि मला ते समजायला वेळ लागला. जे सगळ्यांनी जपलं त्याला भाव नसतो. मासिक १८८८ साली सुरू झालं, आणि एकोणीसशे ऐंशीच्या दशकात त्याचा खप कोटीच्या वर होता. कोटी प्रती, त्याही छान कागदावर, त्याही लोकांनी कपाटात नीट लावून ठेवलेल्या. दुर्मिळ होणार कुठून? एकोणिसाव्या शतकातले सुरुवातीचे अंक असतील तर गोष्ट वेगळी, तेव्हा ते मोजक्या लोकांकडे जायचं, फोटोही नव्हते फारसे. उलट जे साप्ताहिक लोक वाचून त्यात वस्तू गुंडाळायचे, ज्याचा कागद दहा वर्षांत पिवळा पडून तुकडे व्हायचा, त्याची एखादी धड प्रत सापडली तर शोधणारे मागे लागतात. म्हणजे बाबांनी आयुष्यभर जे जपलं तेच इतरांनीही जपलं, आणि तिथेच घात झाला. निष्काळजी माणसाच्या घरातला कचरा आज महाग आहे. हे मला अजूनही पचत नाही.

ऑनलाइन बघायला जाल तर डोकं फिरतं. जून १९८५ चा अंक, तो हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा, स्टीव्ह मॅकरीने काढलेला फोटो, तो तुम्हाला माहीत असणारच. त्याला लोकांनी असले आकडे लावलेत की मी त्या रात्री झोपलेच नाही, मनात बजेट केलं, फ्रिज सुद्धा घेऊन टाकला. मग एका शहाण्या मैत्रिणीने विचारलं, "अगं, हे मागितलेले भाव आहेत, विकले गेले ते कुठे बघितलेस?" तेव्हा फिल्टर लावून फक्त झालेली विक्री बघितली. फ्रिज परत गेला. कोणीही काहीही मागू शकतं हो, मी माझ्या जुन्या छत्रीला लाख मागेन. तेव्हा कुणी जुनी मासिकं विकायला काढत असेल तर फक्त विकल्या गेलेल्यांचे भाव बघा, बाकी सगळी करमणूक.

दुसरा गैरसमज "कम्प्लीट सेट"चा. मी दोन महिने त्या राहिलेल्या सतरा अंकांच्या मागे होते, जणू ते मिळाले की खजिना उघडणार. एका संग्राहक गृहस्थांशी फोनवर बोलले तर त्यांनी अंकांचं विचारलंच नाही, पहिला प्रश्न, "नकाशे आहेत का आत?" ह्या मासिकाबरोबर घडी घातलेले मोठे नकाशे यायचे, ते असतील तर संग्रह पूर्ण धरतात. आमचे नकाशे? अर्धे भिंतीवर होते आणि अर्ध्यांची मी आणि दादाने वह्यांना कव्हरं घातली होती. माझी गणिताची वही पॅसिफिक महासागर होती, अजून आठवते, मधोमध निळं आणि कोपऱ्यात शाईचा डाग. तर पूर्ण सेट वगैरे आमच्याकडे कधी नव्हताच, पुठ्ठ्यांचा सेट होता.

आणि अवस्थेचं म्हणाल तर खालच्या फळीवरचे आठ-नऊ अंक भिंतीच्या ओलीने गेले होते. चकचकीत कागद एकदा भिजून वाळला की पानं एकमेकांना अशी चिकटतात की वीट होते, सोडवायला गेलं की चित्राचा लेपच उपटून येतो. ते सरळ टाकले. काहींना कसर लागलेली. कुणीतरी हौसेने काही अंक प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून सील केले होते (बाबाच असणार, दुसरं कोण), आत दमटपणा अडकला आणि त्यांनाच जास्त डाग. प्लॅस्टिकमध्ये घालून डांबर गोळ्या टाकल्या की झालं असं समजणाऱ्यांनी कृपया तसं करू नका, तो वास माणसाआधी कागदाला लागतो आणि मग घेणारा हातही लावत नाही. कोरडी जागा, भिंतीपासून थोडं अंतर, आणि फळीत फार घट्ट नाही फार सैल नाही, एवढं पुरतं.

दादाच्या "फोनवर सगळं मिळतं" वर मी खूप भांडले, पण ते खरं आहे हे कबूल करते. ह्या मासिकाचे सगळे जुने अंक त्यांनी स्वतःच स्कॅन केलेत, १९९७ साली सीडीचा मोठा संच काढला होता, त्यावरून फोटोग्राफर कोर्टात गेले की आमच्या फोटोंचे पुन्हा वेगळे पैसे द्या, आणि २००८ मध्ये अमेरिकेच्या अपील कोर्टात ते हरले, कारण सीडीवर पानं छापील होती तशीच्या तशी दाखवली होती. म्हणजे मजकूर हवा म्हणून शंभर किलो सांभाळायची गरज नाही, हे पटलं. मग सांभाळायचं ते कशासाठी?

मला वाटतं हा प्रश्न गठ्ठ्याला विचारून उपयोग नाही. आम्ही सहा महिने गठ्ठ्याकडे बघत भांडलो, कोणी अंक उघडला नाही! मग एका रविवारी मी जमिनीवर बसून एकेक उघडायला लागले आणि आईने दारातून सांगितलं, "तुझ्या बाबांनी एकदा वाचलेला अंक पुन्हा उघडलेला मी तरी नाही पाहिला." मी गार. इतकी वर्षं मी समजत होते की त्या कपाटात बाबा आहेत. बाबा मुळात पुढच्या महिन्याच्या अंकाची वाट बघण्यात होते, जुना झाला की त्यांच्यासाठी संपला, कपाटात गेला.

पण उघडलं ते बरं झालं. मार्च १९८४ च्या अंकावर होलोग्रामचा गरुड आहे, तो दिव्याखाली हलवला की पंख जिवंत होतात, आम्ही भावंडं तो वाकवून वाकवून बघायचो. फेब्रुवारी १९८२ च्या कव्हरवर पिरॅमिड आहेत, ते उभ्या कव्हरमध्ये बसावेत म्हणून कॉम्प्युटरने जवळ सरकवले होते आणि त्यावरून केवढा गदारोळ झाला होता, आणि आज आपण एआयचे फोटो बघून खांदे उडवतो. आणि जाहिराती! कॅमेरे, टाइपरायटर, गाड्या. लेखांपेक्षा त्याच वाचत बसले तासभर. ग्रंथालयं पूर्वी बाइंडिंग करताना ह्याच जाहिराती फाडून टाकायची, आता त्यांच्यासाठी अंक शोधणारे आहेत.

काही अंकांत पेन्सिलने बाबांच्या खुणा निघाल्या, कुठे "??" , कुठे "बघू एकदा", एका ज्वालामुखीच्या फोटोखाली नुसतं "बापरे". असे एकोणीस निघाले. ते ठेवले. एवढंच ठेवलं. भाव बघून नाही, दुर्मिळ म्हणूनही नाही, कोणाला विकले असते तर उलट "आत लिहिलंय" म्हणून त्याने भाव पाडला असता.

बाकीचे वेगवेगळे गेले, आणि सरसकट गठ्ठ्याने देण्यापेक्षा हे बरं पडलं. काहींना आपल्या जन्माच्या महिन्याचा अंक हवा असतो, भेट द्यायला, असे पस्तीसेक गेले. एका बाईंना फक्त अंतराळाचे हवे होते, एका चित्रकाराला पक्ष्यांचे. जे कोणालाच नको होते ते शाळेला विचारून दिले, विचारून हं, न विचारता दारात ठेवून पळू नका, त्यांच्याकडेही आधीच एक पिवळं कपाट असतं. पैसे आले ते सामान हलवणाऱ्यांच्या बिलात गेले, तेही पुरले नाहीत.

एकाच अंकापाशी अडले. जानेवारी १९७९. त्यात देवमाशांच्या गाण्याची पातळ, वाकणारी प्लॅस्टिकची रेकॉर्ड पानांत घालून आली होती, कोटीभर प्रती एकदम छापल्या होत्या. आमच्या प्लेअरवर ती घसरायची म्हणून वर नाणं ठेवायला लागायचं, आणि तेच नाणं एकदा सरकून मोठा ओरखडा पडला. बाबा दोन दिवस कोणाशी बोलले नव्हते. मी म्हणायची दादाने केलं, दादा म्हणायचा हिने. तर त्या नकाशावाल्या गृहस्थांना हा अंक पाहिजे होता, मी सांगितलं रेकॉर्ड आहे पण खराब आहे. ते म्हणाले चालेल. आमच्याकडे आता प्लेअर नाही, त्यांच्याकडे आहे. दिला.

काल रात्री त्यांनी ऑडिओ क्लिप पाठवली. खरखर, मग तो लांबलचक आवाज, आई पण येऊन बसली ऐकायला, आणि मध्येच टक! तिथेच. सुई उडते आणि पुढे जाते. आई म्हणाली, "हा तुझ्या दादाने पाडलेला. मी बघितलं होतं तेव्हाच."

दादा, पोस्ट वाचत असशील तर खाली कबुली दे.