आशाताईंचा रकाना

आझाद मैदानावर आशा सेविका आंदोलनाला बसल्या की आमच्या शाळेच्या ग्रुपवर दरवेळी तोच वाद पेटतो. एक गट म्हणतो, त्या स्वयंसेविका आहेत, कामाप्रमाणे मोबदला मिळतो, मग पगार कसला मागतात? दुसरा गट कोविडची आठवण करून देतो. मग कुणीतरी मला विचारतं, तुमच्या इंग्लंडमध्ये काय करतात गं? मी इथल्या एका सरकारी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते, म्हणून यावेळी सविस्तर सांगते: पगाराचं नाही, साथीत आरोग्य कर्मचाऱ्यांच्या आजाराची मोजदाद इथे कशी झाली त्याचं. पगाराशी त्याचा संबंध काय, ते पुढे येईलच.

जून २०२० मध्ये इथे 'सायरन' नावाचा अभ्यास सुरू झाला. एकदा कोविड होऊन गेलेल्या माणसाला तो पुन्हा होतो का, हे शोधायचं होतं. त्यासाठी आरोग्य कर्मचारीच निवडले, कारण रोज विषाणूच्या तोंडी तेच होते. १३५ रुग्णालयांतले ४४ हजारांहून जास्त कर्मचारी त्यात आले. दर पंधरा दिवसांनी स्वॅब आणि ठरावीक काळाने रक्त. पाळीवर आलेली नर्स आधी स्वतःचा स्वॅब घेई, नळीवर बारकोड चिकटवी, पिशवी बंद करून ट्रेमध्ये टाकी आणि मगच वॉर्डात जाई. लक्षणं असोत वा नसोत. त्यामुळे एरवी कुणाला कळलाही नसता असा संसर्ग सापडत गेला.

जानेवारी २०२१ मध्ये पहिले निष्कर्ष आले. आधी कोविड होऊन गेलेल्यांना पुन्हा लागण होण्याची शक्यता ८३ टक्क्यांनी कमी दिसली, पण अशी माणसंही नाका-घशात विषाणू बाळगून दुसऱ्याला देऊ शकतात, असा इशाराही सोबत होता. लशीचं संरक्षण सहा महिन्यांनंतर बरंच उतरतं, हेही पुढे याच कर्मचाऱ्यांच्या नमुन्यांतून दिसलं.

इथे सगळं आलबेल होतं असं मुळीच नाही. सुरुवातीला पीपीई किट अपुरे होते. कोविडने गेलेल्या ज्या पहिल्या दहा डॉक्टरांची नावं जाहीर झाली, ते सगळे वांशिक अल्पसंख्याक समाजांतले होते. 'सायरन'मधले बहुतेक सहभागी मात्र गोरे. वंश आणि कोविड यांचा संबंध तपासायला लेस्टर विद्यापीठातून 'यूके-रीच' हा वेगळा अभ्यास उभा करावा लागला. म्हणजे मोजदादीतून कोण सुटतंय हे बघायलाही कुणीतरी नेमावं लागतं.

"आपल्याकडे असं संशोधन जमणार नाही," हे वाक्य मात्र मला मान्य नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने लस घेतलेल्या आपल्या ८,९९१ कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला. आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद. तिच्या तिसऱ्या सिरो सर्वेक्षणात (रक्त तपासून किती जणांना लागण होऊन गेली ते शोधणाऱ्या) आरोग्य कर्मचाऱ्यांचं रक्त वेगळं तपासलं, २५.७ टक्क्यांत अँटिबॉडी सापडल्या. पुण्याच्या एएफएमसी या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी सैन्यदलांतल्या १५ लाखांहून अधिक आरोग्य आणि आघाडीच्या कर्मचाऱ्यांची आकडेवारी तपासली. जी माणसं हजेरीपटावर आहेत, त्यांचा अभ्यास आपल्याला उत्तम जमतो.

आशाताई त्या पटावर नाहीत. सप्टेंबर २०२० मध्ये राज्यात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली. सातारा जिल्ह्यात आशा असलेली माझी चुलत बहीण थर्मल गन आणि ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरत होती. तिच्या वहीत घरातल्या प्रत्येकाचं नाव, वय, ताप, ऑक्सिजन, मधुमेह, रक्तदाब. स्वतःच्या तापासाठी रकाना नव्हता. नियमित चाचणी तर नाहीच. खोकला आला तर स्वतःच रांगेत जाऊन उभं राहायचं.

त्याच महिन्यात केंद्र सरकारने राज्यसभेत सांगितलं, की किती आरोग्य कर्मचाऱ्यांना लागण झाली, किती गेले, याची आकडेवारी केंद्र ठेवत नाही, आरोग्य हा राज्यांचा विषय आहे. इंडियन मेडिकल असोसिएशनने संतापून ३८२ मृत डॉक्टरांची यादी जाहीर केली. डॉक्टरांकडे यादी करणारी संघटना होती. आशाताईंची अशी यादी कोण करणार होतं? कोविडने मृत्यू झाल्यास मिळणाऱ्या ५० लाखांच्या सरकारी विम्यात त्यांचाही समावेश होता, पण दाव्याला कोविडचा प्रयोगशाळेचा अहवाल लागायचा. ज्या बाईची चाचणीच झाली नाही, तिच्या घरच्यांनी तो कुठून आणायचा?

म्हणून मला पगाराचा वाद आणि संशोधनाचा वाद वेगळे वाटत नाहीत. कर्मचारी म्हटलं की तिच्या आजारपणाचं उत्तर मालकाला द्यावं लागतं, मग नोंद आपोआप ठेवली जाते. स्वयंसेविका म्हटलं की ती कामाला येते आणि आजारी पडली की घरी जाते, कागदावर काहीच राहत नाही. जून २०२१ च्या संपानंतर आशांना महिना हजार रुपये वाढ आणि पाचशे रुपये कोविड भत्ता मिळाला, २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचा सन्मानही मिळाला. दोन्ही योग्यच होतं. पण राज्यातल्या सुमारे ७० हजार आशांपैकी किती जणींना कोविड झाला, किती जणींचा दम अजून जिना चढताना लागतो, हे मोजण्याची जबाबदारी कुणावरच आली नाही.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा पुन्हा घरोघरी सर्वेक्षण झालं. पुढच्या साथीतही तसंच होईल. तेव्हा पहिल्या आठवड्यातच प्रत्येक आशा, त्यांच्या कामावर देखरेख करणारी गटप्रवर्तक आणि सफाई कामगार यांची नोंद व्हावी, लक्षणं नसतानाही त्यांची ठरलेल्या दिवशी मोफत चाचणी व्हावी, अहवाल त्यांच्याच मोबाईलवर यावा आणि चाचणीच्या दिवसाचा मोबदला कापला जाऊ नये. एवढं लेखी मिळेपर्यंत त्या मैदानात बसल्या तर मी त्यांच्या बाजूने आहे.