तीन हजारांच्या वर गेलं की इंजिन मरतं म्हणे!

"जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारवाल्यांसाठी अमूल्य माहिती" असा एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांत फिरतोय. मराठीत, हात जोडलेल्या इमोजींसकट. त्यात म्हटलंय की एमजीबीसारख्या गाडीचं इंजिन ३००० आरपीएमच्या (मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या) वर कधीच नेऊ नका, बेअरिंगं जातात. जमेल तितक्या लवकर टॉप गिअर टाका, इंजिनला आराम मिळतो. ओव्हरड्राइव्ह (त्याच वेगाला इंजिनचे फेरे कमी करणारा, टॉपच्याही वरचा जादा गिअर) लावला की टॉप स्पीड २० टक्के वाढतो. मोठे टायर बसवले की फुकटात वेग मिळतो. खाली सही, 'एक अनुभवी मेकॅनिक'. ना नाव, ना गाव.

असले मेसेज मी न वाचताच पुढे सरकवतो. पण इंग्लंडात राहणाऱ्या आमच्या दाजींनी हा मनावर घेतला. रिटायर झाल्यावर हौसेनं १९७२ ची एमजीबी जीटी घेतली, आणि आता ताशी तीस मैलांच्या मर्यादेत, तेही चढावर, टॉप गिअर आणि वर ओव्हरड्राइव्ह. मी शेजारी बसलो होतो. गिअरचा दांडा थरथरत होता, आरशात मागचं काही धड दिसत नव्हतं, आणि ॲक्सिलरेटर दाबला की बॉनेटखालून डब्यात खडे हलवावेत तसा आवाज. दाजी खूश. "बघ, रेव्ह काउंटर दीड हजारालाही पोचत नाही!" (रेव्ह म्हणजे तेच मिनिटाचे फेरे.)

अहो दाजी, तीच तर बोंब आहे.

आधी त्या ३००० चं पाहू. या गाडीची हँडबुकं, वर्कशॉप मॅन्युअलं आजही सहज मिळतात, आणि मेसेजवाल्याने त्यातलं एक पान उलगडलं असतं तरी पुरलं असतं. १७९८ सीसीचं बी-सिरीज इंजिन. सर्वांत जास्त टॉर्क, म्हणजे इंजिनची पिळण्याची ओढ, ११० पौंड-फूट, कुठे मिळतो? ३००० आरपीएमला. म्हणजे जिथे इंजिन सगळ्यांत मन लावून ओढतं, नेमक्या त्याच आकड्यावर या गृहस्थांनी स्मशानाची पाटी लावलीय! कमाल ताकद ९५ बीएचपी (अश्वशक्ती), ती ५४०० ला. काट्याचा लाल पट्टा त्याच्याही पुढे. कंपनीने हे आकडे गंमत म्हणून छापले होते का?

आता रस्त्यावरचा हिशेब. टॉप गिअर थेट, म्हणजे इंजिनच्या एका फेऱ्याला गिअरबॉक्सचा एक फेरा. मागच्या चाकांना फिरवणाऱ्या डिफरन्शियलचं प्रमाण ३.९०९. त्यामुळे टॉपमध्ये दर हजार आरपीएमला गाडी ताशी १७.९ मैल जाते, म्हणजे २८.८ किलोमीटर. ३००० ची मर्यादा पाळायची तर टॉपमध्ये वेग ५४ मैलांच्या आत. ब्रिटनच्या मोटरवेवर मर्यादा ७० ची आहे आणि लिमिटर लावलेले अवजड ट्रकसुद्धा ५६ ने जातात. म्हणजे दाजींच्या स्पोर्ट्स कारला मागून ट्रकने हॉर्न द्यायचा. सत्तरला टॉपमध्ये रेव्ह होतात ३९००, ओव्हरड्राइव्हमध्ये ३२००. दोन्ही मेसेजच्या हिशेबाने जीवघेणे. आणि याच वेगांनी ही गाडी पन्नास-साठ वर्षं मोटरवेवर धावतेय.

खरा घात दुसऱ्या मुद्द्यात आहे. "लवकर टॉप टाका, इंजिनला आराम मिळतो." तीस मैलांना टॉपमध्ये रेव्ह पडतात साधारण १६७५, ओव्हरड्राइव्ह लावला तर १३७५. सपाट रस्त्यावर, पाय हलका असेल तर चालून जाईल. चढ आला की पाय खाली जातो, थ्रॉटल उघडतो, सिलिंडरमध्ये मिश्रण ठासून भरतं आणि क्रँक, इंजिनचा मुख्य शाफ्ट, मात्र रेंगाळत फिरतोय. दाब पिस्टनच्या डोक्यावर जास्त वेळ बसून राहतो. मिश्रण वेळेआधी, वेडंवाकडं पेटतं. त्यात ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या पन्नास वर्षांच्या डिस्ट्रिब्युटरच्या स्प्रिंगा सैलावलेल्या असल्या तर टायमिंगही धड नसतं. तो खड्यांचा आवाज म्हणजे हेच, इंजिन नॉक करतंय. शिवाय ऑइल पंप इंजिनच्या वेगाच्या प्रमाणातच फिरतो आणि बेअरिंगमधला तेलाचा थर शाफ्टच्या फिरण्यावर टिकतो. फिरणं कमी, वरून मार जास्त. बेअरिंगं वाचवायला निघालेला माणूस बेअरिंगांवरच घण घालतोय. तीसला तिसरा गिअर टाका, रेव्ह २३०० होतील, आवाज थोडा वाढेल आणि इंजिन सुखात राहील. आवाज म्हणजे त्रास हे कोणी ठरवलं?

हँडबुकात नव्या इंजिनासाठी पहिल्या ५०० मैलांच्या सूचना आहेत. ४५ मैलांच्या वर जाऊ नका, आणि कोणत्याही गिअरमध्ये इंजिनला रेटायला लावू नका. पहिली सूचना कुणीतरी अर्धवट वाचून कायमची करून टाकली आणि दुसरी गाळली, असा मला दाट संशय आहे.

एक गोष्ट मान्य करतो, नाइलाजाने. मोटरवेवर तासन् तास जायचं असेल तर ओव्हरड्राइव्ह वापरावाच. रेव्ह खाली येतात, कान वाचतात, पेट्रोलही थोडं वाचतं. आणि तेलाचा दाब पडलेलं, कधी उघडलं कुणाला ठाऊक नाही असं इंजिन पाच हजाराला पिळू नये, हेही खरं. पण मग तेलाच्या दाबाचा काटा बघा. गरम इंजिनला चालताना ५० ते ८० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) हवा. त्याच्याकडे न बघता सगळ्यांना ३००० चा फतवा कशाला?

ओव्हरड्राइव्हने टॉप स्पीड वाढण्याची गोष्ट कागदावर झकास दिसते. ओव्हरड्राइव्हमध्ये दर हजार आरपीएमला २१.८ मैल, म्हणजे ५४०० ला झाले ११८ मैल! पण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो ढकलायला लागणारी ताकद घनाने. ही गाडी जेमतेम १०३ गाठते, तेही टॉपमध्ये ५७०० च्या पुढे. त्याच वेगाला ओव्हरड्राइव्हमध्ये रेव्ह असतात ४७००, आणि तिथे इंजिनकडे ९५ बीएचपी नसतातच. गिअर ताकद निर्माण करत नाही, वाटून देतो. कंपनीने लांब गिअरिंग (तेवढ्याच रेव्हला जास्त वेग) दिलं तेव्हा आधी १९७३ मध्ये जीटीत रोव्हरचं ३५२८ सीसी, आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन बसवलं, १३७ बीएचपीचं, आणि मग डिफरन्शियल ३.०७ चं दिलं. आधी इंजिन, मग गिअर.

राहिले टायर. स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्सच्या शेपटीतून येते, ती शाफ्टचे फेरे मोजते, रस्ता नाही. टायरचा घेर पाच टक्के वाढवलात तर काटा ६० दाखवेल आणि गाडी ६३ ने जात असेल. मैलही कमी नोंदले जातील, सर्व्हिसिंग लांबेल. वर पिकअप कमी होईल तो वेगळाच.